चार अंशांचा निवाडा

नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी टीव्हीवर हेगची बातमी चालू होती. युद्धातल्या गुन्ह्यांसाठी एका देशाच्या माजी अध्यक्षाला ट्रायब्युनलपुढे उभं केलं होतं. दोन्ही बाजूंना पहारेकरी, समोर कानाला हेडफोन लावलेले न्यायाधीश. नवऱ्यानं माझं पत्र वाचलं, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा पत्राकडे पाहिलं.

"तुला ट्रायब्युनलवर घेतलंय. म्हणजे आता हेगला निघालीस?"

"सिटी सेंटरला," मी म्हटलं. "ट्रेननं तीन स्टेशनं."

मुलगी तेव्हा लीड्सला शिकत होती. फोनवर तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, म्हणजे तू जज झाला?"

"झालीस."

"हां, झालीस. विग मिळणार?"

"नाही."

"मग काय उपयोग!"

मी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काम करत होते. नवरा भूल देणारा डॉक्टर, त्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो, आणि पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मी इथे पुन्हा परीक्षा देऊन लॅबमध्ये रुजू झाले. युनियनची प्रतिनिधी मी अपघातानंच झाले. आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि मीटिंगमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले, मी तेवढी वर बघत होते. पुढे आठ-नऊ वर्षं कुणाची पाळी बदलली, कुणाला ताकीद मिळाली, कुणाला आजारपणात नोकरीवरून काढायला निघाले, अशी प्रकरणं हाताळली. मग एके दिवशी एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलसाठी सदस्य हवेत अशी जाहिरात दिसली, आणि मी अर्ज केला. मुलाखत झाली आणि काही महिन्यांनी ते पत्र आलं.

आमच्या ट्रायब्युनलची रचना सोपी होती. नोकरीवरून कुणाला काढलं, कुणाला पगार कमी दिला, कुणाशी भेदभाव झाला, तर तो माणूस आमच्याकडे अर्ज करायचा. ऐकायला तिघं बसायचे. मधे अध्यक्ष, तो वकिलीतला माणूस. एका बाजूला मालकांची बाजू माहीत असलेला सदस्य, दुसऱ्या बाजूला कामगारांची बाजू माहीत असलेला. मी दुसऱ्या बाजूची. पण एकदा खुर्चीत बसलं की बाजू दाराबाहेर ठेवायची, हे ट्रेनिंगच्या पहिल्याच तासाला बजावलं होतं. तिघांचं मत सारख्या वजनाचं. आम्ही दोघं एक झालो तर अध्यक्षालाही हरवू शकत होतो.

ट्रेनिंग देणाऱ्या बाईंनी शब्दाचा अर्थही सांगितला. ट्रायब्युनल म्हणजे मुळात रोमन लोकांचा चौथरा. न्याय करणारा त्यावर खुर्ची टाकून बसायचा, म्हणजे गर्दीतल्या प्रत्येकाला तो दिसायचा. "आमच्याकडेही चौथरा आहे," त्या म्हणाल्या. "वीतभर उंच आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकजण त्याला अडखळतो." मी पहिल्या दिवशी अडखळले.

खरी अडचण पुण्याला फोन केल्यावर झाली. माझ्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते जिल्हा कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. न्यायाधीशाच्या खालोखाल कोर्टाचा सगळा कागद ज्याच्या हातून जातो तो माणूस. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं जग म्हणतं," ते सांगायचे, "आणि मी ती चौतीस वर्षं रोज चढलो."

"ट्रायब्युनल म्हणजे न्यायाधिकरण," अप्पा फोनवर म्हणाले. "पण त्या शब्दानं कुणाला काय कळणार? तिथे नेमकं काय करता तुम्ही?"

मी सांगितलं. तिघं बसतो, एक कायद्याचा, दोन कामधंद्यातले, दोन्हीकडचं ऐकतो.

"अगं, मग ही तर गोतसभा झाली!" अप्पांचा आवाज एकदम तरुण झाला. निवृत्तीनंतर ते मोडी शिकले होते आणि जुनी कागदपत्रं वाचायला एका संस्थेत जात होते. "वतनाचा तंटा असला की गावचे सगळे जमायचे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. निवाडा व्हायचा आणि त्याचा कागद व्हायचा, महजर. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते आपल्या धंद्याची खूण काढायचे. कुणबी नांगर काढायचा, सुतार वाकस काढायचा, न्हावी आरसा. तू काय काढशील?"

"त्या सभेत बायका कुठे बसायच्या, अप्पा? आणि कोण जवळ बसणार नि कोण लांब उभं राहणार, ते कशावरून ठरायचं?"

मग ते म्हणाले, "ते बरोबर आहे तुझं. त्या कागदांत ते लिहिलेलं नसतं, पण दिसतं." अप्पांचं हे मला आवडायचं. कौतुकाच्या भरातसुद्धा चूक दाखवली की ते थांबायचे.

पुढच्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, हातात पुण्याहून आणलेली वही. आल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझं ते न्यायाधिकरण बघायला मिळेल का?"

सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात. मागच्या खुर्च्यांवर कुणीही येऊन बसावं. तरी मी अध्यक्षांना आधी विचारलं. त्या आठवड्याच्या अध्यक्ष एक साठीच्या बाई होत्या, आखूड पांढरे केस, चष्मा गळ्यात दोरीला. त्या म्हणाल्या, "येऊ देत की. मात्र घरी केसवर एक शब्दही बोलायचा नाही, त्यांच्याशीसुद्धा नाही."

मी अप्पांना ते सांगितलं तेव्हा त्यांना जरा रागच आला. "मला शिकवतेस? चौतीस वर्षं न्यायाधीशांच्या चेंबरमधलं ऐकलं, तुझ्या आईला तरी कधी सांगितलं का?"

केस दोन दिवसांची होती. एका खाजगी वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये सोळा वर्षं काम केलेली एक कुक, जवळच्या डडली गावाकडची, छप्पन्न वर्षांची. आरोप असा की तिनं फ्रिजच्या तापमानाच्या खोट्या नोंदी केल्या. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ फ्रिजवरचा आकडा बघून एका तक्त्यात लिहायचा नियम होता. दीड वर्षाचे तक्ते आमच्यापुढच्या कागदपत्रांच्या बंडलमध्ये लावले होते. प्रत्येक रकान्यात चार. सगळीकडे चार अंश, एकाच निळ्या पेनानं, एकाच वळणाचे. आणि कौन्सिलच्या अन्न तपासनिसानं अचानक येऊन मोजलं तेव्हा फ्रिजमध्ये नऊ अंश निघाले. म्हणजे ही बाई न बघताच चार लिहून मोकळी होते, असा मॅनेजरनं निष्कर्ष काढला. त्याच आठवड्यात तिला काढलं. तिनं वरच्या साहेबांकडे अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

वृद्धाश्रमानं बॅरिस्टर दिला होता. तिच्या बाजूनं कुणीच नव्हतं. ती एकटीच आली होती, निळ्या कार्डिगनमध्ये, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून. पाणी भरलेला जग तिच्यासमोर होता. तिनं पेल्यात ओतलं तर थोडं टेबलावर सांडलं, आणि ती स्वतःच्या रुमालानं ते पुसत बसली. अध्यक्ष बाई तिचं पुसून होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "इथे कुणाला घाई नाही. मी समजावून सांगते, आज काय काय होणार आहे ते."

आधी मॅनेजरची साक्ष झाली. चाळिशीचा, नीट कपड्यांतला माणूस. खोटं बोलणारा वाटला नाही. तक्ते बघून त्याला राग आला होता आणि तो रागही खरा होता. वृद्ध माणसांच्या पोटात जाणाऱ्या दुधाचा प्रश्न होता. मग कुकला सांगितलं, आता तुम्ही यांना प्रश्न विचारा.

ती उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "तू एकदा तरी किचनमध्ये आलास का? तुला काय माहीत तिथलं!"

बॅरिस्टर उठायला लागला. अध्यक्ष बाईंनी त्याला हातानं बसवलं आणि कुककडे वळल्या. "तुमचा प्रश्न असा आहे का, की चौकशी चालू असताना यांनी स्वतः किचनमध्ये येऊन फ्रिज पाहिला का?"

"हो. तोच."

"मग त्यांना उत्तर देऊ दे."

"नाही," मॅनेजर म्हणाला. "मी ऑफिसमध्ये तक्ते पाहिले."

पुढचा पाऊण तास असाच गेला. ती भांडायची, अध्यक्ष बाई त्या भांडणातून प्रश्न काढायच्या, तो उत्तर द्यायचा. एकदाही त्यांनी तिच्या तोंडी नवीन काही घातलं नाही. जे तिचं होतं तेच नीट करून दिलं. मागे अप्पा वहीत काहीतरी लिहीत होते.

माझ्या मनात मात्र त्या तक्त्यांनी घर केलं होतं. आमच्या लॅबमध्येही फ्रिज होते, तक्ते होते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका फ्रिजचा बाहेरचा आकडा अडकला होता. आतलं बिघडलं तरी बाहेर तोच आकडा. आम्ही तिघीजणी, सगळ्या शिकलेल्या, तीन आठवडे इमानेइतबारे तो आकडा लिहून खाली सह्या करत होतो. आत ठेवलेल्या साध्या काचेच्या थर्मामीटरकडे कुणाचं लक्ष गेलं तेव्हा कळलं. तेव्हापासून आमच्याकडे दोन्हीकडचे आकडे लिहायचा नियम झाला.

पण हे माझं घरचं ज्ञान झालं. सदस्यानं आपल्या अनुभवातलं काही मनात ठेवून गुपचूप त्यावर निकाल द्यायचा नसतो. जे काही असेल ते दोन्ही पक्षांसमोर उघड मांडायचं, म्हणजे त्यांना त्यावर बोलता येतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी अध्यक्ष बाईंना विचारलं, या आकड्याबद्दल मी प्रश्न विचारू का?

"अवश्य. तुम्हाला इथे बसवलंय ते त्यासाठीच," त्या म्हणाल्या. "पण उत्तर खिशात असल्यासारखं विचारू नका. आणि लक्षात ठेवा, त्या मॅनेजरच्या जागी आपण काय केलं असतं, हा प्रश्न नाही. एखाद्या समंजस मालकानं जे केलं असतं ते यांनी केलं का, एवढंच आपल्याला बघायचंय."

हे वाक्य मी प्रत्येक केसमध्ये ऐकलं आणि प्रत्येक वेळी मला ते अवघड गेलं.

दुसरे सदस्य, मालकांच्या बाजूचे, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले पर्सोनेल मॅनेजर होते. सँडविच खाता खाता त्यांना मी विचारलं, तुम्ही या कामात कसे आलात? ते म्हणाले, "माझ्या आजोबांमुळे." पहिल्या महायुद्धात सक्तीची भरती झाली तेव्हा ज्यांना लढायचं नव्हतं त्यांनी गावोगावच्या ट्रायब्युनलपुढे जाऊन कारण सांगायचं असे. आजोबांच्या सदसद्विवेकबुद्धीला माणूस मारणं पटत नव्हतं. टाउन हॉलमध्ये गावचा वाणी, एक निवृत्त लष्करी अधिकारी आणि दोन-तीन प्रतिष्ठित बसले होते. त्यांनी विचारलं, जर्मन सैनिक तुझ्या बहिणीच्या अंगावर आला तर काय करशील? आजोबा उत्तर शोधत होते तोवर पुढच्या माणसाला हाक मारली. अर्ज नामंजूर. मग तुरुंग.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "आजोबा म्हातारपणीही तेवढंच म्हणायचे. शिक्षेचं काही नाही, पण पाच मिनिटं तरी बोलू द्यायचं होतं. म्हणून मी इथे बसलो की घड्याळ काढून खिशात ठेवतो." आणि खरंच, मनगट रिकामं होतं.

दुपारी मॅनेजरला प्रश्न विचारायची माझी पाळी आली.

"फ्रिजच्या दारावर जो आकडा दिसतो, तो आणि आतलं तापमान एकच असतं, हे कुणी तपासायचं?"

"मशीन आहे ते. बरोबरच असतं."

"मी लॅबमध्ये काम करते," मी म्हटलं, "आणि आमच्याकडे एकदा असा आकडा अडकला होता. इथेही तसंच झालं असेल असं माझं म्हणणं नाही. मला फक्त विचारायचंय, तपासनिसानं आत नऊ मोजलं, तेव्हा बाहेर दारावर काय दिसत होतं?"

त्यानं बंडल उघडलं. पान शोधलं. बॅरिस्टरही शोधायला लागला. तपासनिसाच्या अहवालाचं पान मिळालं, त्यावर नऊचा आकडा होता, आणि खाली कोपऱ्यात छापलं होतं, दोनपैकी पान एक.

"दुसरं पान कुठे आहे?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"मला पहिलंच दिलं होतं," मॅनेजर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी एवढंच वाचलं."

"उद्या सकाळी दुसरं घेऊन या."

त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये अप्पा माझ्या शेजारी तोंड मिटून बसले होते. इतकं मिटून की समोरच्या बाईला वाटलं असेल, आमचं भांडण झालंय. स्टेशनवरून घरी चालताना ते म्हणाले, "केसबद्दल बोलत नाही मी. पण त्या अध्यक्ष बाईंबद्दल बोललं तर चालेल का?"

"बोला."

"आमच्या कोर्टात एक म्हातारी होती. बांधाच्या भांडणासाठी अकरा वर्षं यायची. वकील बोलायचा, न्यायाधीश बोलायचे, मी बोलायचो. ती नुसती बसायची. शेवटी निकाल तिच्या बाजूनं लागला, मी तिला सांगितलं, आजी, जिंकलात. तर ती मला म्हणाली, पण साहेब, मला काय म्हणायचं होतं ते कुणी विचारलंच नाही." थोडं चालून ते म्हणाले, "आज विचारताना पाहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरिस्टर उभा राहिला. त्याच्या हातात एकाच पानाच्या काही प्रती होत्या. "हे पान मला आज नऊ वाजता मिळालं," तो म्हणाला. "माझ्या पक्षकाराच्या सोयीचं नाही, पण ट्रायब्युनलनं ते पाहिलंच पाहिजे." त्यानं एक प्रत कुकच्या हातात दिली आणि मग आम्हाला दिल्या. त्यात तपासनिसानं लिहिलं होतं: दारावरचा आकडा चार दाखवतो, आत नऊ. दर्शक बिघडलेला. दुरुस्त करावा.

कुकनं ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

तरीही तिची साक्ष व्हायचीच होती, आणि बॅरिस्टरनं आपलं काम केलं.

"आठवड्यातून एकदा हातातल्या थर्मामीटरनं आतलं दूध मोजायचं, असाही नियम होता ना?"

"होता."

"ते तुम्ही केलंत?"

"आधी करायचे. मग त्याची बॅटरी गेली. मी सांगितलं होतं."

"लेखी?"

"नाही. येता-जाता सांगितलं."

"किती वेळा?"

"दोनदा." मग तिनं मान खाली घातली. "पुन्हा पुन्हा सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं. पण मी खोटं नाही लिहिलं. मला चारच दिसायचं, सर. रोज चारच."

एवढंच ती बोलली. तिला अजून विचारायचं काही उरलं नाही.

आम्ही तिघं आतल्या खोलीत गेलो. तिथे काय बोललो ते मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. एवढंच सांगते की दुसऱ्या सदस्यांनी घड्याळ खिशातून एकदाही बाहेर काढलं नाही, आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

निकाल अध्यक्ष बाईंनी वाचून दाखवला. साध्या शब्दांत, कुककडे बघत. मॅनेजरचा विश्वास मनापासूनचा होता, पण आरोप ज्या आकड्यावर उभा होता तो आकडा बरोबर आहे का, हे कुणी पाहिलं नाही. कागद हाताशी होता, तो पूर्ण वाचला नाही. समंजस मालकानं ते केलं असतं. म्हणून नोकरीवरून काढणं अन्यायाचं होतं. हातातल्या थर्मामीटरबद्दल तिचीही थोडी चूक होती, तीही नोंदवली. निकाल तिघांच्या एकमतानं.

कुक उभीच होती. "म्हणजे मी खोटं लिहिलं नाही. असंच ना?"

"तुम्ही जे पाहिलं तेच लिहिलंत, असं आम्हाला आढळलं."

"हे मला लिहून मिळेल?"

"मिळेल. पोस्टानं येईल."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि खाली बसली. पर्स तिनं पहिल्यांदाच शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

आता प्रश्न उरला होता, तिला काय हवं. बहुतेक लोक भरपाई मागतात. जिथून अपमान करून काढलं तिथे परत कोण जाणार? तिनं मात्र ताबडतोब सांगितलं, मला माझं काम परत हवं. बॅरिस्टरनं विचार करायला वेळ मागितला आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख पडली.

निकाल जाहीर झाल्यावर अप्पांचं तोंड सुटलं. ट्रेनमध्ये, जेवताना, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला. जावयाला त्यांनी सगळी केस पहिल्यापासून सांगितली, बॅरिस्टरच्या उठण्याबसण्यासकट. नवरा आदल्या दिवशीच्या लांब ऑपरेशननं दमलेला होता, तरी त्यानं सगळी ऐकली.

"बॅरिस्टर सगळ्यांत आवडला मला," अप्पा म्हणाले. "स्वतःच्या विरुद्धचा कागद स्वतः आणून दिला. असे दोनच वकील पाहिले मी चौतीस वर्षांत."

"आणि अप्पा, प्रश्न तर हिनं विचारला ना?" नवरा म्हणाला.

"हो, पण ती आमचीच आहे. तिचं काय कौतुक करायचं?" आणि त्यांनी माझ्या ताटात तिसरी पोळी वाढली. मला नको होती. मी खाल्ली.

ऑगस्टच्या शेवटी ते पुण्याला परत गेले. सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा त्याच खोलीत जमलो, तेच तिघं. वृद्धाश्रमाकडून या वेळी एक नवीन मॅनेजर बाई आली होती. आधीचा माणूस दुसरीकडे गेला होता. तिनं बॅरिस्टरला बोलूच दिलं नाही. म्हणाली, "आमच्याकडे बत्तीस म्हातारी माणसं आहेत आणि त्यांतली निम्मी मला रोज विचारतात, कस्टर्ड असं का झालंय? यांनी सोमवारी यावं. फ्रिज नवा आहे."

"आत थर्मामीटर आहे का?" कुकनं विचारलं.

"दोन आहेत."

अध्यक्ष बाईंनी दोघींना बाहेर बसून अटी लिहून आणायला सांगितलं. सोळा वर्षांची नोकरी अखंड धरायची, मधला काळ सुट्टी नव्हे तर काम समजायचा, असं दोघींनी लिहून आणलं. आम्ही त्याची नोंद केली. कुकनं जाताना आमच्या तिघांकडे बघून मान हलवली. आभार मानले नाहीत, आणि तेच बरोबर होतं. आम्ही तिला काही दिलं नव्हतं, तिचं तिला मिळालं होतं.

पुढे मी अजून बरीच वर्षं त्या खुर्चीत बसले. सगळेच दिवस असे नव्हते. काही केसमध्ये अर्ज फेटाळायला लागला आणि समोरचं माणूस रडत बाहेर गेलं. एकदा मी एकटी एका बाजूला आणि ते दोघं दुसऱ्या बाजूला, असंही झालं. माझं वेगळं मत चार परिच्छेदांत लिहून निकालाला जोडलं, आणि आजही मला ते बरोबर वाटतं. मधे कायदा बदलला आणि अध्यक्षांना जज म्हणायला लागले. चौथरा मात्र तेवढाच राहिला.

सप्टेंबरच्या त्या सकाळी आम्ही साडेदहालाच मोकळे झालो. लॅबमधून मी दिवसभराची रजा घेतली होती, ती मी परत केली नाही. ते पर्सोनेलवाले सदस्य आणि मी कालव्याच्या काठानं चालत स्टेशनपर्यंत गेलो. पाण्यावर ऊन होतं, एक रंगवलेली लांब नाव अगदी सावकाश जात होती. त्यांनी पिशवीतून त्यांच्या अलॉटमेंटवर, म्हणजे नगरपालिकेकडून भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर, पिकवलेल्या लांबट हिरव्या शेंगा काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. "बायको म्हणते, आता घरात नको. तुमच्याकडे याचं काय करतात?"

"भाजी," मी म्हटलं. "दाण्याचं कूट आणि थोडा गूळ घालून."

"गूळ म्हणजे?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी सगळ्या शेंगा दिल्या. घरी जाऊन रेडिओ लावून मी निवांत शेंगांच्या शिरा काढत बसले, आणि नवरा ड्यूटीवरून आला तेव्हा भाजीला वाफ येत होती.